किराणा यादीत बसवलेलं ताट

माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहारतत्त्वं जाहीर केली, त्यातला हा आकडा वाचला आणि मी तिथेच थांबले. आमच्या घरात चार माणसं. म्हणजे रोज एक किलो सहाशे ग्रॅम, आठवड्याला अकरा किलोच्या वर, आणि तीही बटाटा न धरता. मी आठवडी बाजारातून दोन पिशव्या भरून भाजी आणायचे आणि घरात सगळ्यांना वाटायचं की आपल्याकडे भाजी भरपूर असते. बटाटे-कांदे बाजूला काढून वजन केलं, तर जेमतेम पाच किलो भरली.

हे सगळं सुरू झालं ते यांच्या रक्ततपासणीमुळे. हे बँकेत आहेत, दिवसभर खुर्ची सुटत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी वजन-उंची घेतली, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा बीएमआय २४.१ निघाला. मला वाटलं, हे तर ठीकच आहे. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे जादा वजन धरतात. आपल्याकडे चरबी हातापायांवर कमी आणि पोटावर जास्त साठते." मग त्यांनी टेप लावून कंबर मोजली. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा. यांची ९६ भरली. शर्ट-पँटमध्ये माणूस सडपातळ दिसतो आणि टेप मात्र वेगळंच सांगतो. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. "आधी ताट आणि चालणं बघा, मग बोलू," म्हणाले आणि पोषण संस्थेच्या 'दिवसाच्या ताटा'चा तक्ता हातात दिला.

तक्ता २००० कॅलरीचा आहे. त्यात एका माणसाला दिवसभरात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-बदाम असं सगळं मिळून ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. सगळी वजनं कच्च्या मालाची. मांसाहार करणाऱ्यांनी डाळीचा काही भाग अंडी, मासे किंवा मटणाने भरून काढायचा. धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. आमच्या घराचा सगळा प्रश्न या एका ओळीत होता.

यांच्या एका दिवसाचं धान्य मी कागदावर मांडलं. सकाळी ताटलीभर पोहे, साधारण ८० ग्रॅम. डब्यात पाच पोळ्या, पोळीला तीस ग्रॅम कणीक धरली तरी दीडशे. रात्री दोन भाकऱ्या म्हणजे आणखी दीडशे आणि वर मूठभर तांदळाचा भात. बेरीज साडेचारशेच्या आसपास. डाळ किती? चौघांच्या आमटीला मी वाटीभर तूरडाळ शिजवायचे, माणशी तीस ग्रॅम झाली तरी खूप. पोट भरायचं, चव चांगली असायची, तक्रार कुणाचीच नव्हती. रक्तातली साखर मात्र वाढत होती.

प्रत्येकाचं ताट रोज वजन करून वाढणं कुठल्याच नांदत्या घरात जमत नाही. दोन-तीन दिवस मी वजनकाटा ओट्यावर ठेवून पाहिला. पोळ्या गार व्हायला लागल्या आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, जेवायला वाढतेस की सोनं तोलतेस?" तेव्हा मी तक्त्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. मी गेली कित्येक वर्षं किराण्याची वही ठेवते. दर महिन्याला काय आलं, किती आलं, सगळं त्यात असतं. तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याला मी चार माणसांनी आणि तीस दिवसांनी गुणलं आणि वहीतल्या यादीशेजारी मांडलं. आमच्याकडे सासूबाईंना कमी लागतं आणि बारावीनंतरच्या मुलाला जास्त, त्यामुळे घराची सरासरी २००० च्या आसपास धरायला हरकत नव्हती.

धान्य तीस किलो हवं, त्यात गहू, ज्वारी, तांदूळ, पोहे, रवा, शेवया सगळं आलं. आमच्या यादीत पंचेचाळीस किलोच्या वर होतं. डाळी-कडधान्यं दहा किलोच्या जरा वर हवीत, आम्ही आणत होतो साडेचार. तेल-तूप मिळून साधारण साडेतीन लिटर पुरायला हवं. आमच्याकडे पाच लिटरचा डबा संपून वर दोन पिशव्या येत, आणि तूप वेगळंच. मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅम. एक किलोची पुडी दीड महिना पुरली पाहिजे, आणि लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलं मीठ धरलं तर त्याहून जास्त. साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत, तीन किलो म्हणजे अगदी वरची कड. शेंगदाणे-तीळ वगैरे चार किलो, आणि इथे मात्र आम्ही फार मागे नव्हतो, कारण आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट असतंच. त्यात तीळ, जवस, कारळ्याची चटणी रोज ताटात आली की ते काम झालं. बदाम-अक्रोडाच्या किमती बघून लोक घाबरतात, त्यांना मी हेच सांगते.

ही यादी समोर आल्यावर घरात बोलणं सोपं झालं. "तुम्ही भात कमी खा" असं एकाला सांगितलं की त्याला ते लागतं. दुकानातून पाच किलो तांदूळ आणि पाच किलो गहू कमी आणले की त्यात कुणा एकाचं नाव येत नाही. पहिल्याच महिन्यात तीस किलोवर उडी घेतली नाही. धान्य थोडं थोडं उतरवत आणलं आणि तेवढ्याच वेगाने डाळ वाढवली. पोट रिकामं राहिलं तर माणूस रात्री डबे उघडतो आणि डब्यात फरसाण असतं. डाळ दुप्पट झाल्यावर ही भूक राहिली नाही, हे मी स्वतः अनुभवलं. आमटी घट्ट झाली. आठवड्यातून तीन-चारदा मटकी, मूग, चवळी, हरभरा यांची उसळ, आणि ती तोंडी लावण्यापुरती नाही तर मोठी वाटी भरून. धान्य आणि डाळ तीनास एक या प्रमाणात आली की दोन्हींतली प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. पिठलं-भाकरी आणि वरण-भात पिढ्यानपिढ्या चालत आलेत ते उगाच नाही. फक्त मधल्या काळात भात वाढत गेला आणि वरण पातळ होत गेलं.

एक गोष्ट इथे सांगाविशी वाटते. ही पोषण संस्था १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला 'बेरीबेरी' या आजाराच्या अभ्यासासाठी एका खोलीत सुरू झाली, रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या हाताखाली. बेरीबेरी होतो बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, आणि त्याचं मोठं कारण होतं पॉलिश केलेला पांढरा तांदूळ. शंभर वर्षांनंतरही तीच संस्था आपल्याला सांगतेय की धान्यातलं निदान काही सालासकट, कोंड्यासकट खा. मला हे फार मोलाचं वाटतं. आम्ही तांदूळ कमी करून ज्वारी वाढवली, कणीक चाळणं बंद केलं. सासूबाईंना ज्वारी लहानपणापासूनची, त्यांनीच मुलाला सांगितलं, "भाकरी चावून खा, घाई नको, एकीतच पोट भरतं."

आता भाजी. इथे मात्र वही कामाची नव्हती, कारण भाजी किराणा यादीत येत नाही. आणि खरी अडचण पैशाची आधी नव्हती, हातांची होती.

मेथीची जुडी आणली, मुळं-देठं काढली, पिवळी पानं टाकली की निम्मी उरते. तक्ता खाण्याजोग्या भागाचं वजन मागतो. त्यातले शंभर ग्रॅम पालेभाजीचे असावेत असं धरलं, तर चौघांना चारशे ग्रॅम निवडलेली पालेभाजी, म्हणजे दोन-तीन जुड्या रोज. त्या निवडायच्या, दोन-तीन पाण्यांतून धुवायच्या, चिरायच्या. त्याखेरीज बाराशे ग्रॅम बाकीची भाजी. सुरुवातीला हे सगळं माझ्याच अंगावर आलं. शाळेतल्या नोकरीवरून साडेपाचला घरी यायचं आणि तासभर विळीवर बसायचं. आठवडाभरात मला कळलं की असं केलं तर ही तत्त्वं महिनाभरही टिकणार नाहीत. सरकारी तक्त्यात ग्रॅम असतात, ते ग्रॅम कुणी निवडायचे आणि चिरायचे हे नसतं. माझ्या मते जिथे जिथे हे ताट मोडतं, तिथे बहुतेक वेळा कारण हेच असतं, आणि त्यावर बोललं जात नाही.

मी यांना सरळ सांगितलं, "तुमच्या साखरेसाठी चाललंय, तर चिरणं तुमच्याकडे." हे तयार झाले. रात्री बातम्या लागल्या की पुढ्यात परात, पाट आणि सुरी. पहिले काही दिवस फरसबीचे तुकडे बोटभर लांबीचे व्हायचे, नंतर हात बसला. मुलाकडे कडधान्य भिजवणं आणि मोड आणणं आलं. मटकी सकाळी भिजवायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायची, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच मोड येतात, थंडीत वेळ लागतो. त्याला त्यात गोडी लागली. मोड आल्यावर क जीवनसत्त्व वाढतं आणि लोह शोषायला आडवे येणारे घटक कमी होतात, हे त्याने वाचून आजीला समजावलं. पालेभाजी निवडणं सासूबाईंनी मागून घेतलं. बसल्या जागी होणारं काम आहे, आणि त्यांच्या हातची निवडलेली भाजी माझ्यापेक्षा स्वच्छ असते. काम असं वाटलं गेलं तेव्हा कुठे बाजारातून अकरा किलो भाजी आणायची माझी हिंमत झाली.

एवढी भाजी पोटात जाते कशी, हे मला बायका नेहमी विचारतात. एका भाजीच्या वाटीत चारशे ग्रॅम बसवायला गेलं तर जमत नाही. ती दिवसभर विखुरते. पोह्यात पोहे निम्मे आणि कोबी, गाजर, मटार, फरसबी निम्मी. वरणात पालक किंवा चाकवत, आमटीत शेवग्याच्या शेंगा, दुधी, लाल भोपळा. थालीपिठात किसलेला मुळा किंवा कोबी. दोन्ही जेवणांत काकडी, टोमॅटो, बीट, गाजर यांपैकी कशाची तरी कोशिंबीर, दह्यातली, म्हणजे दह्याचाही हिशोब लागतो. आणि शिजल्यावर भाजी बसते. कढईभर पालेभाजीची चार माणसांना दोन-दोन डावच होतात. पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाची मिळते, तेव्हा भोपळा, दुधी, पडवळ, दोडका यांवर भर. या भाज्या स्वस्त आहेत आणि त्यांना आपण उगाच आजाऱ्याचं अन्न ठरवलंय.

खर्चाचंही सांगते. भाजी, डाळ आणि फळांचा खर्च नक्की वाढला. तेल, साखर, तांदूळ, फरसाण, बिस्किटं यांचा घटला. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च थोडा वरच आहे. 'संतुलित आहार स्वस्तात होतो' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आमच्यासारख्या दोन पगारांच्या घराला झेपतं. रेशनच्या गहू-तांदळावर महिना काढणाऱ्या घराला चारशे ग्रॅम भाजी आणि तीनशे मिलिलिटर दूध नुसतं सांगून भागणार नाही. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहारामुळे आहे असं हीच संस्था सांगते, तर डाळ आणि भाजी गरिबाच्या ताटात पोचवण्याचं कामही सरकारचंच आहे.

तेलासाठी मी एक साधी गोष्ट केली. सकाळी एका छोट्या बरणीत शंभर मिलिलिटर तेल काढून ठेवते. तूप त्याखेरीज चमचाभर. दिवसभरात त्या बरणीबाहेर जायचं नाही. फोडणी पळीने ओतायची सवय होती, ती चमच्यावर आली. वांग्याच्या भाजीला तवंग राहिला नाही म्हणून सुरुवातीला नाकं मुरडली गेली, कूट थोडं जास्त घातल्यावर तक्रार मिटली. पुऱ्या किंवा भजी केली तर उरलेलं तेल पुन्हा तळायला घ्यायचं नाही, गाळून फोडणीला वापरायचं आणि एक-दोन दिवसांत संपवायचं, असंही तत्त्वांत आहे. तळणाचं तेल आठ-आठ दिवस ठेवायची पद्धत आमच्याकडेही होती, ती गेली. साहजिकच तळणच कमी झालं. मिठाच्या पुडीवर मी उघडल्याची तारीख लिहिते. आता पुडी जवळजवळ दोन महिने जाते. मीठ आयोडीनयुक्तच.

चहावरून मात्र खरा वाद झाला. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. सासूबाईंचं हिमोग्लोबिन कमी, आणि जेवून हात धुतला की त्यांना कपभर चहा लागतो. "पन्नास वर्षं पितेय मी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, चहा सोडू नका, फक्त झोप काढून उठल्यावर घ्या." वरणावर आणि उसळीवर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह शोषायला मदत होते, हे त्यांना लगेच पटलं. चहाची वेळ बदलायला बरेच दिवस गेले, पण आता दुपारचा चहा साडेतीनलाच होतो.

मुलाला व्यायामशाळेत कुणीतरी प्रथिनांची पावडर घ्यायला सांगितलं होतं. या तत्त्वांमध्ये शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असं सांगितलंय. मी त्याला नुसतं नाही म्हटलं नाही, त्याच्याबरोबर दिवसाचा हिशोब मांडला. भिजवलेले चणे, उसळ, दोन अंडी, दूध, दही, शेंगदाणे. त्याने स्वतःच बेरीज केली आणि विषय सोडला. अंड्यांसाठी वेगळा तवा आहे, सासूबाईंचं म्हणणं तेवढंच होतं.

ताटाइतकंच शरीर हलणं महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. मध्यम वेग म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. हे आधीही रात्री जेवून शतपावली करत, ती रमतगमत. आता पहाटे ओढ्याच्या रस्त्याने भरभर चालतात आणि घरी येऊन खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर जोर. बँकेत तासाभराने उठून पाणी प्यायचं. त्याची आठवण घड्याळाचा गजर करून देतो.

माझ्याबाबत सगळे म्हणाले, "तुझं काय, दिवसभर काम चालूच असतं." हे मला मान्य नाही. घरकाम ही हालचाल आहेच आणि ती मोजली पाहिजे, पण ओट्याशी उभं राहून दम लागत नाही आणि हाडांवर हवा तेवढा ताणही येत नाही. चाळिशीच्या पुढच्या बाईला तो लागतो. म्हणून माझं चालणं यांच्याबरोबर नाही, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर, आणि त्या वेळात स्वयंपाकाची तयारी घरातले बघतात. सासूबाई ओट्याला धरून एका पायावर उभ्या राहतात, मग दुसऱ्या. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीनदा तरी हवा, पडणं टळतं. आधी पाच मोजेपर्यंत डगमगायच्या, आता पंधरा-वीस मोजतात आणि कुणी आलं की करून दाखवतात.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. यांचा एचबीए१सी ५.८, कंबर ९२. डॉक्टरांनी बरं चाललंय म्हटलं आणि सहा महिन्यांनी परत बोलावलं. उंबरठा अजून ओलांडलेला नाही, ना इकडे ना तिकडे, त्यामुळे सुटी नाही.

सध्या आमचं डोकं श्रावणात अडकलंय. उपवासाला साबुदाणा, बटाटा, तळलेला चिवडा, म्हणजे स्टार्च आणि तेल यांचंच राज्य, आणि सोमवार-शनिवार धरले तर आठवड्यातले दोन दिवस तसे जातात. सासूबाईंशी बसून ठरवलंय. खिचडी एकदाच आणि छोटी. बाकी वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, ताक, पेरू-केळं. आमच्यात उपवासाला लाल भोपळा चालतो, तो तुपावर परतून. भेंडीला त्यांनी साफ नकार दिलाय आणि रताळ्याच्या गोड चकत्या सोडायला त्या तयार नाहीत. रताळं राहू दे, गूळ निम्मा, एवढ्यावर आम्ही दोघी आलोय, आणि श्रावणाच्या यादीत साबुदाणा या वेळी एक किलोऐवजी अर्धा लिहिलाय.